पावसाळा संपला तरी शेडनेटमधल्या गोगलगायी का संपत नाहीत?

ढोबळी मिरचीची रोपं संध्याकाळी लावली आणि सकाळी पाहिलं तर काहींचे शेंडेच गायब. पानांना वेडीवाकडी भोकं पडलेली, पण अळी कुठे दिसत नाही आणि अळीची विष्ठाही नाही. मल्चिंग पेपरवर मात्र वाळलेल्या डिंकासारखी एक चमकदार रेघ. ही रेघ दिसली की समजायचं, रात्री गोगलगाय येऊन गेली.

डहाणूहून कासा-जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आशागड आणि आजूबाजूचा परिसर म्हणजे चिकूच्या वाड्या, मिरची आणि भाजीपाला. डहाणू तालुक्यात ढोबळी मिरचीसाठी शेडनेट उभारणारे शेतकरी आता बरेच आहेत. ऊन, पाऊस आणि किडी यांपासून पीक वाचावं म्हणून हा खर्च केला जातो. पण ज्या सावलीत आणि ओलाव्यात मिरची खूश असते, तिथे गोगलगायही तितकीच खूश असते. उघड्या शेतात ती पावसाळ्याची पाहुणी असते, शेडनेटमध्ये ती कायमची भाडेकरू होते.

दुकानातून औषधाच्या गोळ्या आणून टाकल्या की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. असं का होतं आणि यावर नेमकं काय करायचं, ते समजून घेऊ.

नुकसान गोगलगायीचंच आहे, हे कसं ओळखायचं?

गोगलगायीच्या तोंडात किसणीसारखी जीभ असते. तिच्यावर हजारो बारीक दात असतात आणि त्यांनी ती पान खरवडून खाते. त्यामुळे भोकं ओबडधोबड असतात. कोवळं रोप असेल तर ती खोडच कुरतडते आणि रोप आडवं होतं. मोठ्या झाडावर ती खालची पानं आणि जमिनीला टेकलेली फळं खाते.

चमकदार रेघ ही सगळ्यात पक्की खूण. तरीही शंका असेल तर रात्री आठ-नऊच्या सुमारास टॉर्च घेऊन शेडनेटमध्ये चक्कर मारा. दिवसा एकही न दिसणाऱ्या गोगलगायी तेव्हा बेडवर, ठिबकच्या नळ्यांवर आणि खांबांवर फिरताना सापडतात. अळीचं औषध फवारून गोगलगाय मरत नाही. त्यामुळे ही ओळख आधी पटवली नाही तर फवारणीचे पैसे वाया जातात.

आपल्याकडे त्रास देणारी गोगलगाय कोणती?

सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे शंखी गोगलगाय. तिला आफ्रिकन राक्षसी गोगलगाय असंही म्हणतात. शास्त्रीय नाव अचॅटिना फुलिका. मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या एका बागेत सोडली. तिथून ती देशभर पसरली. जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे.

महाराष्ट्राने तिचा मोठा फटका २०२२ च्या खरिपात पाहिला. लातूर, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि बीड जिल्ह्यांत तिने उगवलेलं सोयाबीन फस्त केलं. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली आणि राज्य सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली.

दुसरा प्रकार म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी. कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात कुंड्यांखाली सापडणारी काळपट, चपटी, कातड्याच्या तुकड्यासारखी दिसणारी गोगलगाय याच गटातली. शंख नसल्यामुळे ती अगदी बारीक फटीतून आत शिरते. रोपवाटिकेत तिचा त्रास जास्त.

शंखी गोगलगायीच्या प्रत्येक प्राण्यात नर आणि मादी दोन्हींची इंद्रियं असतात. त्यामुळे दोन गोगलगायी भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात. एका वेळी शंभर ते दोनशे, वर्षाला साधारण बाराशेपर्यंत. एकदा मिलन झालं की साठवलेल्या शुक्राणूंवर पुढे अनेक महिने अंडी घातली जातात. म्हणजे शेडनेटमध्ये एकटीच आलेली गोगलगायसुद्धा पुरेशी ठरू शकते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी मायामीला आणल्या आणि त्या घराच्या बागेत सोडल्या गेल्या. सात वर्षांनी तिथे १८ हजारांहून जास्त गोगलगायी सापडल्या. त्यांचा नायनाट व्हायला १९७५ साल उजाडलं आणि खर्च झाला १० लाख डॉलरपेक्षा जास्त.

शेडनेटमध्ये त्यांचा पावसाळा संपत का नाही?

गोगलगायीचं शरीर सतत ओलं राहावं लागतं. चालण्यासाठी ती चिकट द्रव सोडते आणि त्यात तिच्या अंगातलं बरंच पाणी जातं. म्हणून ती रात्री फिरते आणि दिवसा ओल्या सावलीत लपते. हवा कोरडी झाली की शंखी गोगलगाय शंखात शिरते, तोंडावर पांढरट पडदा चढवते आणि अनेक महिने झोपून राहते. बाहेर हे साधारण पाऊस गेल्यानंतर घडतं. खाणं बंद, अंडी बंद.

शेडनेटमध्ये मात्र ठिबक चालू असतं, उन्हाळ्यात फॉगर चालतात, मल्चिंग पेपरखाली माती ओली राहते आणि वरून ऊन थेट लागत नाही. कोवळं खाद्य तर समोरच उभं. त्यामुळे ती झोपतच नाही. जानेवारीत आणि मार्चमध्येही तिचं खाणं आणि अंडी घालणं चालू राहतं.

गोळ्या टाकूनही त्रास पुन्हा सुरू होतो, त्याचं मुख्य कारण इथे आहे. गोळ्यांनी फिरणाऱ्या गोगलगायी मरतात, मातीतली अंडी मरत नाहीत. ती साधारण आठवडा-दोन आठवड्यांत फुटतात आणि ओलावा तसाच असल्यामुळे पुढची पिढी तयार होते. म्हणून शेडनेटमधलं खरं काम म्हणजे गोगलगायीचा हा कायमचा पावसाळा मोडणं. मारणं हा त्यातला एक भाग.

त्या आत येतात कुठून?

चालत येणाऱ्यांपेक्षा आपण उचलून आणलेल्या जास्त धोकादायक. रोपांच्या पिशव्यांच्या तळाला, ट्रेच्या खालच्या बाजूला, अर्धवट कुजलेल्या शेणखतात आणि बाहेर उघड्यावर ठेवलेल्या कोकोपीटमध्ये अंडी किंवा पिल्लं असू शकतात. शंखी गोगलगायीची अंडी साबुदाण्यासारखी दिसतात, पिवळसर पांढरी आणि पुंजक्याने. एखाद्या मजुराने ती खत समजून बेडवर टाकली तर नवल नाही.

म्हणून नवीन रोपं आणली की ती थेट आत न नेता दोन-तीन दिवस बाहेर सावलीत, सिमेंटच्या ओट्यावर ठेवा. रात्री टॉर्चने तपासा. शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा आणि बेडवर पसरण्याआधी उन्हात पातळ थर करून वाळवा.

दुसरा रस्ता जमिनीलगतचा. शेडनेटचा खालचा कपडा मातीत गाडलेला नसेल, कुठे उचकटला असेल किंवा दरवाजाखाली बोटभर फट असेल, तर तिथून वाट मिळते. कापड चर खणून मातीत दाबा. दरवाजाखाली रबराची पट्टी लावा. बाहेरच्या बाजूला कडेने दोन-तीन फूट रुंदीचा पट्टा गवत, पालापाचोळा आणि दगड काढून मोकळा ठेवा. चिकूची वाडी अगदी लागून असेल तर हे जास्त गरजेचं आहे, कारण झाडांखालचा पाचोळा हे त्यांचं आवडतं घर.

मग आत सुरुवात कशापासून करायची?

पाण्याच्या वेळेपासून. संध्याकाळी पाणी दिलं की रात्रभर जमीन ओली राहते, म्हणजे गोगलगायीला फिरायला रस्ता तयार करून दिल्यासारखं होतं. पाणी सकाळी द्या. संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो. युरोपात लेट्युसवर झालेल्या प्रयोगांतही पाणी संध्याकाळऐवजी सकाळी दिल्यावर गोगलगायींचं नुकसान बरंच कमी झालेलं दिसलं. मिरचीला यात काही गमवावं लागत नाही. फॉगरही दुपारच्या उन्हातच चालवा, सूर्य मावळायच्या आधी बंद करा.

दुसरी गोष्ट म्हणजे गळती. ठिबकची फुटलेली नळी, गळणारा व्हॉल्व्ह, टाकीजवळचं डबकं. गोगलगायींचा सगळ्यात मोठा घोळका बहुतेक वेळा अशाच जागी सापडतो. दोन बेडमधल्या वाटा कोरड्या राहिल्या पाहिजेत.

तिसरी म्हणजे अडगळ. रिकामे ट्रे, जुनी पोती, विटा, फळ्या, छाटलेली पानं आतमध्ये ठेवू नका. रोपांचे ट्रे जमिनीवर न ठेवता लोखंडी स्टँडवर ठेवा. मल्चिंग पेपरच्या कडा आणि भोकं आठवड्यातून एकदा उचलून पाहा. पेपरचे फायदे आहेत, तो काढायची गरज नाही. पण त्याच्याखाली कोण राहतंय, हे माहीत असलं पाहिजे.

गोळा करायच्या कशा?

हाताने वेचणं ऐकायला जुनाट वाटतं, पण बंदिस्त जागेत तेच सगळ्यात परिणामकारक ठरतं. उघड्या एकरावर आज वेचलं तर उद्या बाजूच्या शेतातून नवीन येतात. दहा गुंठ्यांच्या शेडनेटला कडा असतात, त्यामुळे आतली संख्या खरोखर कमी होते.

त्यासाठी सापळे लावा. पाण्यात गूळ विरघळवून त्यात गोणपाट भिजवायचं आणि संध्याकाळी बेडच्या कडेला ठेवायचं. खाली पपईची किंवा कोबीची पानं ठेवली तर उत्तम. रात्रभर खाऊन-पिऊन गोगलगायी उजाडताना त्याच गोणपाटाखाली लपतात. सकाळी ऊन चढायच्या आत गोणपाट उचलून त्या गोळा करायच्या. आंबलेल्या वासाकडेही त्या ओढल्या जातात. परदेशात बिअर वापरतात, तिच्याऐवजी पीठ, पाणी आणि यीस्टचं पातळ मिश्रणही चालतं. ताडी आंबल्यावर येतो तसाच तो वास.

गोळा केलेल्या गोगलगायी बादलीत साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात टाका. मेल्या की शेडनेटपासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरा. वाटेवर चिरडू नका. अंगात अंडी असतील तर ती तिथेच पडतात. रस्त्यापलीकडे फेकूनही देऊ नका, त्या परत येतात किंवा शेजाऱ्याकडे जातात.

रोज सकाळी किती सापडल्या, हे वहीत लिहा. पहिल्या आठवड्यात आकडा मोठा असेल. तो उतरत गेला तर पद्धत बरोबर चालली आहे. मध्येच लहान लहान पिल्लं दिसू लागली तर समजा जुनी अंडी फुटली, आता थांबायचं नाही. सलग तीन-चार आठवडे हे करावं लागतं. चार दिवसांनी कंटाळून सोडलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हाताने उचलल्या तर काय होतं?

हा मुद्दा बहुतेक वेळा सुटतो. गोगलगायींमध्ये उंदरांच्या फुफ्फुसात वाढणाऱ्या एका कृमीच्या अळ्या असू शकतात. त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. हा आजार क्वचित होतो, पण गंभीर असतो. वेचण्याचं काम बऱ्याचदा मजूर बायका आणि घरातली मुलं उघड्या हातांनी करतात. त्यांना रबरी हातमोजे द्या, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवायला सांगा. काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे. मुलांना या कामाला लावू नये. कोथिंबीर, कोबी, पालेभाजी कच्ची खायची असेल तर पानं सुटी करून नीट धुवा.

चुना, मीठ, राख, तांब्याची पट्टी, यातलं काय चालतं?

मीठ गोगलगायीच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून ती मरते. पण बेडवर मीठ टाकलं तर मातीही खराब होते आणि मिरचीच्या मुळांनाही तोच त्रास होतो. मीठ फक्त बादलीत.

चुन्याची भुकटी कोरडी असेपर्यंत त्रासदायक असते, गोगलगाय ती ओलांडत नाही. भिजली की तिचा उपयोग संपतो. डहाणूच्या पावसात शेडनेटबाहेर ओढलेली चुन्याची रेघ एका सरीत वाहून जाते. आत, कोरड्या वाटेवर, दरवाजापाशी ती चालते. राखेचंही तसंच. एक गंमत म्हणजे शंख वाढवायला गोगलगायीला कॅल्शियम लागतं, त्यामुळे चुन्याने रंगवलेली भिंत ती चक्क खरवडून खाते.

तांब्याची पट्टी, अंड्यांची टरफलं, खडी यांबद्दल इंटरनेटवर भरपूर वाचायला मिळतं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये लेट्युसवर अशा पाच घरगुती उपायांची चाचणी घेतली. उपाय केलेल्या आणि न केलेल्या रोपांच्या नुकसानीत फरक दिसला नाही. त्यावर पैसे घालण्याआधी दरवाजाखालची फट बुजवलेली बरी.

औषधाच्या गोळ्या टाकायच्या की नाही?

आपल्याकडे मेटाल्डिहाइड २.५ टक्के हे आमिषाच्या गोळ्यांच्या स्वरूपात मिळतं. सोयाबीनवरच्या प्रादुर्भावात एकरी दोन किलो अशी शिफारस केली गेली होती. एकर म्हणजे ४० गुंठे, त्या हिशोबाने दहा गुंठ्यांना अर्धा किलो. पण पाकिटावरचं लेबल आणि त्यावर दिलेली पिकं आधी वाचा, शेवटचा शब्द लेबलचा.

या गोळ्या खाल्ल्या की गोगलगायीच्या अंगातून चिकट द्रव भरभरून बाहेर पडतो आणि ती सुकून मरते. अडचण अशी की हवा ओली असेल तर तिला पाणी परत मिळतं आणि ती सावरू शकते. म्हणजे दमट शेडनेटमध्ये हे औषध अर्धवट काम करतं. त्यामुळे बेड वरून कोरडे असताना, संध्याकाळी गोळ्या टाका आणि सकाळी सुस्त पडलेल्या गोगलगायी उचलून बादलीत टाका. ढीग करून ठेवू नका, विरळ टाका. पानांवर किंवा फळांवर गोळी पडू देऊ नका.

दुसरी काळजी कुत्र्यांची आणि कोंबड्यांची. या गोळ्यांमध्ये कोंड्यासारखा खाण्याचा पदार्थ असतो आणि कुत्र्यांना तो आवडतो. मेटाल्डिहाइडने कुत्र्याला झटके येतात आणि तो दगावू शकतो. ब्रिटनने याच कारणांमुळे, वन्यजीव आणि पाळीव प्राण्यांना धोका म्हणून, मार्च २०२२ अखेरपासून उघड्यावर त्याचा वापर बंद केला. पाड्यावर कोंबड्या आणि कुत्री मोकळी फिरतात, तेव्हा गोळ्या टाकलेल्या दिवशी दरवाजा बंद राहिलाच पाहिजे. कुणी खाल्ल्या असं वाटलं तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे जा, आणि माणसाने खाल्ल्या असतील तर पाकीट सोबत घेऊन दवाखान्यात.

निसर्गातले शत्रू सोडले तर?

भारद्वाज पक्षी शंखी गोगलगाय फोडून खातो. काजव्यांच्या अळ्याही गोगलगायींवर जगतात. बांधावरची झुडपं पूर्ण साफ केली नाहीत आणि सरसकट कीटकनाशकं मारली नाहीत, तर बाहेरच्या बाजूने हे मदतनीस टिकतात.

पण बाहेरून नवीन शिकारी आणणं महागात पडू शकतं. हवाई बेटांवर शंखी गोगलगायीला आवर घालण्यासाठी १९५५ मध्ये दुसरी शिकारी गोगलगाय आणून सोडली. तिने शंखी गोगलगाय संपवली नाही. उलट तिथल्या अनेक स्थानिक गोगलगायी मात्र नामशेष होण्यात तिचा मोठा वाटा आहे.

डहाणू-तलासरीसाठी वेळापत्रक काय?

मे महिना सगळ्यात महत्त्वाचा. बाहेरच्या गोगलगायी तेव्हा दगडी बांधात, विटांच्या ढिगात, जुन्या कुंड्यांखाली शंख बंद करून झोपलेल्या असतात. एका जागी, न हलणाऱ्या. पहिला पाऊस पडण्याआधी त्या वेचल्या तर जूनमध्ये घातली जाणारी हजारो अंडी वाचतात. आतलं पीक निघालं असेल तर मल्चिंग पेपर काढा, पाणी पूर्ण बंद करा, माती खालीवर करून उन्हात तापू द्या. ओलावा आणि सावली गेली की अंडी सुकतात. वर्षभरात शेडनेटमधला पावसाळा खरोखर मोडता येतो तो या काही आठवड्यांत.

जूनमध्ये पहिल्या दोन-तीन पावसांनंतर रोज रात्री कडेने फेरी मारा, बाहेर गोणपाटाचे सापळे ठेवा. जुलै ते सप्टेंबर कापड, दरवाजा आणि निचऱ्याचे चर सांभाळा. पावसाळ्याच्या शेवटी नवीन लागवड करताना रोपं तपासून आत घ्या. लागवडीनंतरचे पहिले तीन आठवडे सापळे आतही ठेवा, कारण रोप कोवळं असताना एका रात्रीत जातं आणि पुढे तेच झाड चार पानांचं नुकसान सहज सोसतं. हिवाळ्यात सकाळचं पाणी आणि आठवड्यातून एक रात्रीची फेरी पुरते.

हे काम एकट्याच्या शेडनेटपुरतं ठेवलं तर अर्धंच होतं. मे महिन्यात एका पाड्यावरच्या चार-पाच जणांनी मिळून बांध वेचले तर सगळ्यांच्याच कडा सुरक्षित राहतात. प्रादुर्भाव हाताबाहेर गेला तर तालुका कृषी कार्यालय किंवा कोसबाड हिलचं कृषी विज्ञान केंद्र इथे दोन-चार गोगलगायी झाकणाच्या डब्यात घालून घेऊन जा. प्रकार कोणता हे कळलं की सल्ला नेमका मिळतो. आणि डबा उघडण्याआधी हातमोजे घाला.